श्रद्धेची फिर्याद आणि तर्काचा निवाडा

हल्लीं धर्मविषयक व्याख्यानांत एक नवीच तऱ्हा रूढ झालेली दिसते. पूर्वींचे शास्त्रीबुवा ‘असें शास्त्रांत सांगितलें आहे’ एवढें बोलून थांबत. श्रोत्याला पटलें तर त्यानें घ्यावें, न पटलें तर सोडावें. आजच्या व्याख्यात्यांचें तेवढ्यानें समाधान होत नाहीं. ईश्वराचें अस्तित्व गणितानें सिद्ध झालें, पुनर्जन्माला पदार्थविज्ञानाचा आधार मिळाला, अमुक व्रताच्या मुळाशीं अमुक शास्त्रीय कारण आहे, अशीं विधानें व्यासपीठांवरून, छापील पत्रकांतून आणि आतां प्रत्येकाच्या खिशांतील मोबाइलवरूनहि अहोरात्र आमच्यापुढें येऊन आदळत असतात. ऐकणारा गृहस्थ मान डोलवितो. कारण ‘सिद्ध झालें’ हे दोन शब्द कानीं पडले म्हणजे पावतीवर तिकीट लावून सही झाल्यासारखें त्यास वाटतें.

ही सही खरी आहे कीं नाहीं, एवढेंच आज पाहण्याचा आमचा विचार आहे. कोणाच्या देवघरांतील देव उचलून बाहेर ठेवण्याची आम्हांस हौस नाहीं. परंतु जो मनुष्य आपल्या श्रद्धेची फिर्याद घेऊन तर्काच्या कचेरींत आपण होऊन येतो, त्यानें त्या कचेरीचा निवाडा आपल्याविरुद्ध गेला तरी तो मानला पाहिजे. जिंकलों तर न्याय झाला, आणि हरलों तर ‘हा विषयच तुमच्या अधिकारांतला नव्हे’, ही वकिली कोणत्याहि न्यायाधीशापुढें चालावयाची नाहीं. धर्माच्या बाबतींत मात्र ती शतकानुशतकें चालत आली आहे.

ईश्वरसिद्धीचा वाद आपल्या देशांत इंग्रजी पुस्तकांबरोबर आला अशी कित्येकांची समजूत असते. ती सर्वस्वी चुकीची आहे. आपल्याकडे हा वाद जितक्या बारकाईनें झाला तितका फार थोड्या ठिकाणीं झाला असेल. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मिथिलेंत उदयनाचार्य नांवाचे प्रख्यात नैयायिक होऊन गेले. ‘न्यायकुसुमांजलि’ हा त्यांचा पांच स्तबकांचा ग्रंथ ईश्वराचें अस्तित्व अनुमानानें सिद्ध करण्याकरितांच लिहिलेला आहे. त्यांतील मुख्य युक्तिवाद बाजारांतल्या साध्या मनुष्यालाहि कळेल असा आहे. घागर ही घडविलेली वस्तु आहे. ती कोणीतरी घडविली, आणि घडविणाऱ्याला माती कोठली आणावी, चाक कसें फिरवावें, घागर कशासाठीं हवी, याचें ज्ञान होतें. पृथ्वी, पर्वत, वृक्ष, अंकुर हींहि अवयवांचीं बनलेलीं आहेत, म्हणजे तींहि कार्यें आहेत. म्हणून त्यांचाहि कोणी कर्ता असलाच पाहिजे. आणि तो परमाणूंपासून जीवांच्या कर्मांपर्यंत सर्व जाणणारा असला पाहिजे. असा कर्ता मनुष्य असूं शकत नाहीं, तोच ईश्वर.

युक्तिवाद सुबक आहे यांत शंका नाहीं. पण त्यावरचा पहिला घाव उदयनाचार्यांच्याहि आधीं सुमारें तीनशें वर्षें धर्मकीर्ति या बौद्ध पंडितानें घालून ठेवला होता. सातव्या शतकांतील आपल्या ‘प्रमाणवार्तिकां’त तो म्हणतो कीं, घागर मातीची आणि वारूळहि मातीचेंच, मग वारूळसुद्धां कुंभारानेंच केलें असें कां मानूं नये? घागर कुंभारानें केली हें आपण मातीवरून ठरवीत नाहीं. कुंभाराला घागरी करतांना आपण पाहिलें आहे, म्हणून ठरवितों. पर्वत करतांना कोणाला कोणीं पाहिलें? ‘कार्य’ हा एकच शब्द घागरीला आणि पर्वताला लावला, एवढ्यानें दोहोंचा इतिहास एक होत नाहीं. उदयनाचार्यांनंतर अकराव्या शतकांत विक्रमशिलेच्या विहारांत रत्नकीर्तीनें ‘ईश्वरसाधनदूषण’ नांवाचा स्वतंत्र ग्रंथ लिहून या अनुमानाचा एकेक सांधा उकलला.

बौद्ध ते, असें म्हणणारच, असें बोलून कोणी हात झटकील. त्यानें कुमारिलभट्टांकडे पाहावें. वेदांचा त्यांच्याएवढा कडवा कैवारी दुसरा दाखवितां येणें कठीण. पण ‘श्लोकवार्तिकां’त सृष्टिकर्त्याविषयीं त्यांनीं केलेले प्रश्न नांव झांकून वाचले तर ते कोणा पाखंड्याचे आहेत असें वाटावें. जग नव्हतें तेव्हां तो कर्ता कोठें होता? शरीर नसतां त्यानें काम कसें केलें, आणि शरीर असेल तर तें कोणीं घडविलें? करुणेनें सृष्टि केली म्हणावें, तर ज्यांची कींव यावयाची ते प्राणीच तेव्हां नव्हते. आणि करुणेनेंच केली असती तर तींत एवढें दुःख कां? मीमांसकांनीं वेद ठेवला, यज्ञ ठेवला, धर्म ठेवला. सृष्टिकर्त्याची मात्र त्यांना जरूर भासली नाहीं. आमच्याकडील अति धार्मिक मंडळींना ही गोष्ट बहुधा ठाऊक नसते, हें एक आश्चर्यच म्हटलें पाहिजे.

यापेक्षांहि मोठी साक्ष रामानुजाचार्यांची आहे. भक्तिमार्गाचा एवढा थोर आचार्य; पण ‘श्रीभाष्यां’त ब्रह्मसूत्रांपैकीं तिसऱ्या सूत्रावर लिहितांना, ईश्वर अनुमानानें सिद्ध होतो हा पक्ष त्यांनीं स्वतः उभा केला आणि स्वतःच पाडून टाकला. मोठा वाडा किंवा रथ एकटा मनुष्य बांधीत नाहीं. अनेक कारागीर मिळून बांधतात. मग जगाच्या रचनेवरून अनुमानच करावयाचें तर कर्ता एकच कां, पुष्कळ कां नव्हेत? सारें जग एकाच वेळीं निर्माण झालें हें तरी कशावरून? आपण जे कर्ते पाहतों ते देहधारी व अल्पज्ञ असतात. दृष्टांत कुंभाराचा घेतला तर सिद्ध होणारा ईश्वरहि कुंभारासारखाच व्हावयाचा. सहाशेंहून अधिक वर्षांनीं स्कॉटलंडांतील डेव्हिड ह्यूम यानें, त्याच्या मृत्यूनंतर १७७९ सालीं प्रसिद्ध झालेल्या संवादांत, घर आणि जहाज यांचे दाखले घेऊन हाच मुद्दा मांडला, आणि त्याचें नांव धर्माच्या वैऱ्यांत गणलें गेलें. रामानुज मात्र वैष्णवांचे आचार्यच राहिले. कारण त्यांना ईश्वर नाकारावयाचा नव्हता, श्रुतीवांचून तो कळत नाहीं एवढेंच दाखवावयाचें होतें. शंकराचार्यांचें मतहि या बाबतींत फार दूर नाहीं. एका तार्किकानें उभारलेलें दुसरा पाडतो. भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतले तार्किक एका जागीं जमवून त्यांचें एकमत घेणें शक्य नाहीं. म्हणून नुसत्या तर्काला स्थिर पाया नाहीं, असें त्यांनीं आपल्या भाष्यांत स्पष्ट म्हटलें आहे.

तेव्हां ज्या आचार्यांचीं नांवें घेऊन आजचे व्याख्याते ईश्वर ‘सिद्ध’ करतात, त्या आचार्यांनींच ही सिद्धि नाकारलेली आहे. उदयनाचार्यांविषयीं पंडितांत एक आख्यायिका सांगतात. ते जगन्नाथपुरीस दर्शनाला गेले असतां देवळाचीं दारें बंद होतीं. तेव्हां रागावून ते देवाला म्हणाले कीं, बौद्ध चालून येतात तेव्हां तुझें अस्तित्व माझ्या हातीं असतें, हें विसरूं नकोस. गोष्ट घडलेली असो वा नसो, तींत मर्म आहे. ज्या देवाचें असणें पंडिताच्या वादकौशल्यावर अवलंबून, त्या देवाला पंडित मेल्यावर वाली कोण? पंढरीच्या वाटेनें चालणाऱ्या वारकऱ्यानें ‘न्यायकुसुमांजली’चें नांवहि ऐकलेलें नसतें, त्यावांचून त्याचें पाऊल अडत नाहीं.

युरोपांतहि हाच देखावा दिसतो. १०७७-७८ च्या सुमारास नॉर्मंडींतील बेक येथील मठांत अ‍ॅन्सेल्म यानें नुसत्या कल्पनेवरून ईश्वर सिद्ध करण्याची युक्ति काढली. ज्याहून मोठें कांहीं कल्पितां येत नाहीं तो ईश्वर. तो जर केवळ मनांतच असेल, तर मनांत आणि मनाबाहेर दोन्हीकडे असणारा त्याहून मोठा ठरेल. म्हणून तो मनाबाहेरहि आहेच. यास उत्तर दिलें तें कोणा निरीश्वरवाद्यानें नव्हे, तर गॉनिलो नांवाच्या एका ख्रिस्ती साधूनें. या रीतीनें समुद्रांतलें सर्वोत्तम बेटहि सिद्ध होईल, असें त्यानें दाखविलें. त्या बेटावर उतरावयास जहाज हांकारून अद्याप कोणी निघालेला नाहीं! पुढें टॉमस अक्वायनस यानेंहि अ‍ॅन्सेल्मची युक्ति अमान्य केली व आपल्या निराळ्या पांच वाटा दाखविल्या. अखेर १७८१ सालीं कोनिग्सबर्गच्या कान्टनें जो निकाल दिला तो आमच्या व्यापारी वाचकांनीं मुद्दाम लक्षांत ठेवण्यासारखा आहे. थेलर हें त्या वेळचें जर्मन नाणें. मनांतले शंभर थेलर आणि खरे शंभर थेलर यांच्या कल्पनेंत कांहींच अंतर नाहीं. अंतर आहे तें तिजोरींत. रोजकीर्दींतील शिलकेपुढें दोनचार शून्यें वाढविलीं म्हणून जशी पेढीची रोकड वाढत नाहीं, तसें ‘असणें’ हें व्याख्येंत घातलें म्हणून वस्तु अस्तित्वांत येत नाहीं. कान्ट श्रद्धेचा वैरी नव्हता. श्रद्धेला जागा करून देण्यासाठींच ज्ञानाचा दावा आपण मागें घेतला, असें त्याचें म्हणणें होतें.

‘गणितानें ईश्वर सिद्ध झाला’ या बातमीचें मूळहि येथेंच आहे. अ‍ॅन्सेल्मच्या युक्तीलाच कुर्ट ग्योडेल या विख्यात तर्कशास्त्रज्ञानें आधुनिक चिन्हांचा पोशाख चढविला, आणि १९७० सालीं ती एका सहकाऱ्यास दाखविली. २०१३ सालीं दोन संशोधकांनीं त्या युक्तिवादाची एक सुधारलेली मांडणी संगणकाकडून तपासून घेतली, व पायऱ्या बिनचूक आहेत असा निर्वाळा यंत्रानें दिला. कित्येक पत्रांनीं लगेच मोठे मथळे दिले. यंत्रानें सांगितलें तें इतकेंच कीं, हीं गृहीतें मान्य केलीं तर हा निष्कर्ष निघतो. गृहीतें खरीं कीं खोटीं याविषयीं यंत्र मूक आहे. बेरीज बरोबर आहे म्हणून हिशेबांत लिहिलेला माल वखारींत असतोच असें नाहीं. इतकेंच नव्हे, तर ग्योडेलच्या मूळ हस्तलिखितांतील गृहीतें परस्परविरोधी आहेत, असेंहि पुढें यंत्राच्याच तपासणींत निघालें; त्याचा मथळा मात्र आमच्या व्याख्यात्यांच्या पाहण्यांत आलेला दिसत नाहीं.

पेलेच्या घड्याळाविषयीं फार लिहीत नाहीं. माळावर घड्याळ सांपडलें तर ज्याप्रमाणें घड्याळजी मानावा लागतो, त्याप्रमाणें डोळ्यासारख्या नाजूक यंत्राचाहि कारागीर मानला पाहिजे, हें त्यानें १८०२ सालीं लिहिलें. आणि ज्या चार्ल्स डार्विनला तरुणपणीं पेलेचे युक्तिवाद फार आवडले होते, त्यानेंच १८५९ सालीं कारागिरावांचून अशी रचना हळूहळू कशी होऊं शकते हें दाखवून दिलें. पास्कलची पैजहि अशीच. ईश्वर असला तर मानणाऱ्याला अनंत लाभ, नसला तर नुकसान थोडें. तेव्हां मानण्यांतच शहाणपण. सौदा भुलविणारा खरा. पण दिदरो यानें म्हटल्याप्रमाणें कोणताहि इमाम हाच हिशेब आपल्या बाजूनें मांडूं शकतो. दहा पेढ्या एकच व्याज देऊं करीत असतां ठेव कोठें ठेवावी, हें त्या हिशेबांतून कळत नाहीं.

येथें आम्ही मूळ मुद्द्यापाशीं येतों. क्षणभर धरून चालूं कीं उदयनाचार्यांचें अनुमान निर्दोष आहे आणि जगाला कर्ता आहे. पण कोणता? उदयनाचार्य शिवभक्त होते. त्यांच्या दृष्टीनें तो शिव. बगदादांत शिकविणाऱ्या इमाम गझालीनें, ज्याला आरंभ आहे त्याला कारण असलेंच पाहिजे, या तत्त्वावरून अल्लाची सिद्धि केली. पेलेनें घड्याळावरून ख्रिस्ती देवाची. एकच साक्षीदार तीन वादींनीं आणला आहे, आणि तो तिघांच्याहि बाजूनें तेंच सांगतो. मग त्या तिघांच्या आपसांतील तंट्यांत त्याची साक्ष काय कामाची?

याच्याहि पुढची उडी पाहा. कर्ता सिद्ध झाला, म्हणून वेद त्याचे; वेद त्याचे, म्हणून स्मृति मान्य; स्मृति मान्य, म्हणून अमक्यानें विहिरीला शिवूं नये, विधवेचें केशवपन करावें, समुद्र ओलांडून आलेल्यानें प्रायश्चित्त घ्यावें. आमच्या आजापणज्यांनीं ही सांखळी अशीच ऐकली. १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी अस्पृश्य मानलेले लोक प्याले, तेव्हां मागाहून तें तळें ‘शुद्ध’ करून घेण्याचा विधि झाला. त्या विधीला कोणत्या अनुमानाचा आधार होता? घागरीवरून कुंभार सिद्ध झाला असेल. त्या घागरींतलें पाणी कोणी प्यावें, हें घागरीवरून कसें निघालें? एक रुपयाची हुंडी दाखवून लाख रुपये उचलण्यासारखा हा व्यवहार आहे. पेढीवरचा साधा गुमास्ताहि हुंडीवरील आंकडा वाचल्यावांचून रक्कम मोजीत नाहीं; धर्माच्या पेढीवर मात्र ‘ईश्वर आहे’ एवढ्या आंकड्यावर वाटेल ती रक्कम वटत आली.

कोणी म्हणेल, तर्कालाहि शेवटीं कांहींतरी गृहीत धरावेंच लागतें. तुमचा सर्व व्यवहार विश्वासावरच चालतो. व्यापारी उधारी देतो तीहि विश्वासावरच. आक्षेप खरा आहे आणि वजनदारहि आहे. पण व्यापाऱ्याचा विश्वास कसला असतो? पत पाहून तो माल देतो. वायदा टळला कीं विचारपूस करतो. तीनदां टळला कीं खातें बंद करतो. जो विश्वास कोणत्याहि अनुभवानें कमी होत नाहीं, आणि वायदा टळल्यावर ‘तुमचीच भक्ति कमी पडली’ असें उलट ऋणकोच धनकोला सुनावतो, त्याला उधारीची उपमा देतां येणार नाहीं.

ईश्वर आहे कीं नाहीं, या प्रश्नावर कोणाचें घर पडत नाहीं. त्याचा निकाल लागेपर्यंत थांबावयास आम्ही तयार आहों. पण अमुक रोग अमुक पापानें झाला, अमुक बाईच्या नजरेनें मूल दगावलें, अमुक मंत्रानें विष उतरतें, हीं विधानें जगांतील घडामोडींविषयींचीं आहेत. त्यांचा खरेखोटेपणा पाहतां येतो, आणि तीं खोटीं ठरलीं तर किंमत बोलणाऱ्याला नव्हे, दुसऱ्याच कोणाला मोजावी लागते. याचें एक उदाहरण देतों. कारण त्यांत बोलणारा मनुष्य लहान नव्हता, आणि त्याचा हेतु तर फारच थोर होता.

१५ जानेवारी १९३४ रोजीं बिहार व नेपाळ भूकंपानें हादरले; मोंघीर आणि मुझफ्फरपूर हीं शहरें उद्ध्वस्त झालीं, व एकंदर दहा हजारांहून अधिक माणसें प्राणास मुकलीं. गांधीजी त्या वेळीं अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर दक्षिणेंत होते. हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वरानें केलेलें शासन होय, असें त्यांनीं जाहीर सांगितलें. रवींद्रनाथ ठाकूरांना तें सहन झालें नाहीं. १६ फेब्रुवारीच्या ‘हरिजन’ पत्रांत गांधीजींनीं त्यांचा निषेध आपल्या उत्तरासह छापला, हें दोघांनाहि शोभणारेंच झालें. नैसर्गिक उत्पाताचें कारण निसर्गांतच शोधलें पाहिजे, हें रवींद्रनाथांचें मुख्य म्हणणें. दूर सुरक्षित बसलेल्या अपराध्यांना धडा मिळावा म्हणून ईश्वरानें मुलें आणि खुद्द अस्पृश्य यांनाच ढिगाऱ्याखालीं घालावें, ही नीति त्यांना मनुष्याच्या नीतीहूनहि हलकी वाटली. शिवाय असला युक्तिवाद गांधीजींपेक्षां त्यांच्या विरोधकांच्या वृत्तीलाच अधिक जुळणारा आहे, आणि विरोधकांनीं हा भूकंप गांधीजींच्याच माथीं मारला असता तरी आपणांस नवल वाटलें नसतें, असेंहि त्यांनीं बजावलें.

पाप आणि भूकंप यांचा संबंध आपणांस सिद्ध करतां येत नाहीं, हें गांधीजींनीं उत्तरांत प्रांजळपणें कबूल केलें. श्रद्धा मात्र सोडली नाहीं. त्या कबुलीबद्दल आम्हांस आदरच वाटतो. तथापि अस्पृश्यता हें पाप आहे हें दाखविण्यास भूकंपाच्या साक्षीची जरूर नव्हती. मनुष्यानें मनुष्याला पाणी नाकारणें अन्यायाचें आहे, एवढें कारण पुरेसें होतें, आणि तें कोणालाहि उलटवितां आलें नसतें. बळकट कारण बाजूस ठेवून दुबळें पुढें केलें कीं प्रतिपक्षाच्या हातीं शस्त्र जातें. भारताची भूपट्टी दरवर्षीं कांहीं सेंटिमीटर उत्तरेकडे सरकत हिमालयाखालीं रेटली जाते, आणि वर्षानुवर्षें सांठलेला ताण एकदम सुटला म्हणजे जमीन हादरते, असें आज भूगर्भशास्त्र सांगतें. त्या ताणाला गांवकूस ठाऊक नाहीं.

महाराष्ट्रांत हा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं ज्या कायद्यासाठीं अनेक वर्षें खटपट केली, तो त्यांना पाहावयास मिळाला नाहीं. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत गोळ्या घालून त्यांचा खून करण्यांत आला. त्यानंतर थोड्याच दिवसांत वटहुकूम निघाला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांस या कायद्यानें हात लावलेला नाहीं. तसें त्यांत स्पष्ट लिहिलेलेंच आहे. मात्र साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्या मनुष्यास वैद्यकीय उपचार घेऊं न देतां त्याऐवजीं मंत्रतंत्र, गंडेदोरे करणें हा त्यानें गुन्हा ठरविला. नागाच्या विषानें स्नायु लुळे पडून श्वास बंद होतो; तत्पूर्वीं प्रतिविषाचें इंजेक्शन आणि जरूर तर कृत्रिम श्वास मिळाला तर मनुष्य वांचतो. मांत्रिकापुढें गेलेली प्रत्येक घटका या वेळांतून वजा होते. आणि मांत्रिकाच्या कीर्तीचें रहस्य तरी काय? आपल्याकडील पुष्कळ जातींचे साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापाच्या प्रत्येक दंशांत विष उतरतेंच असें नाहीं. जो वांचला त्याची जमा मंत्राच्या नांवें, जो मेला त्याचा खर्च आयुष्याच्या दोरीच्या नांवें, अशी ही दुहेरी वही आहे. असा जमाखर्च ठेवणारा दिवाणजी आमच्या वाचकांपैकीं कोणी आठ दिवस तरी पेढीवर ठेवील काय?

या कायद्याला विरोध झाला तेव्हां, श्रद्धा हा तर्काचा प्रांतच नव्हे, सरकारनें व चिकित्सकांनीं तेथें पाऊल घालूं नये, असें विरोधकांपैकीं कित्येकांचें म्हणणें होतें. आणि व्यासपीठांवरून आज सांगण्यांत येतें तें असें कीं, आमच्या प्रत्येक श्रद्धेला तर्काचा व विज्ञानाचा भक्कम आधार आहे. एकाच पक्षाला या दोन्ही गोष्टी एकदम म्हणतां यावयाच्या नाहींत. त्यांपैकीं कोणती कायम ठेवावयाची आणि कोणती मागें घ्यावयाची, हें त्या मंडळींनीं एकदां ठरवून कळवावें. त्यांचें उत्तर छापण्यास आम्ही केव्हांहि तयार आहों.